गाळणी आणि दहाव्याचं भाषण

२ जानेवारी २०२५, गुरुवार

आजपासून 'स्वतंत्र विचार मंच, नाशिक' या व्हॉट्सअॅप गटाचा कारभार माझ्या हाती आला. तीनशे बारा सभासद. आधीचे प्रमुख काल वैतागून गटच सोडून गेले, कारण नववर्षाच्या एका दिवसात सातशे शुभेच्छा आल्या आणि त्यातल्या निम्म्यांवर एकच गुलाब होता.

सकाळी पहिला संदेश टाकला. "मित्रहो, या पृथ्वीवर आठशे कोटी माणसे आहेत आणि त्यातल्या कुठल्याही दोघांच्या अंगठ्याच्या रेषा जुळत नाहीत. निसर्ग ज्या माणसाची नक्कल करायला नकार देतो, तो माणूस तोच अंगठा वापरून दुसऱ्याचे विचार पुढे ढकलतो! यापुढे येथे प्रत्येकाने स्वतःचे लिहावे. उसने, आयते आणि शिळे येथे चालणार नाही."

बायकोला, साधनाला, वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "छान आहे. युनियनच्या अधिवेशनात म्हणाला होतात, तेव्हाही छान वाटलं होतं."

तेव्हा जगाची लोकसंख्या साडेपाचशे कोटी होती, हे मी तिच्या निदर्शनास आणून दिलं.

४ जानेवारी, शनिवार

पहिला बळी गोरक्षचा. वाईट वाटलं, पण तत्त्वापुढे नातं नाही.

गोरक्ष पिंपळगाव बसवंतचा. मंडप आणि लाउडस्पीकरचा त्याचा धंदा. माझी त्याची ओळख दहाव्यांमुळे. विमा कंपनीत मी छत्तीस वर्षं काढली खरी, पण जिल्हा मला ओळखतो तो श्रद्धांजलीच्या भाषणांसाठी. आमच्याकडे दहाव्याला नदीकाठी पिंडदान होतं, महाराजांचं प्रवचन होतं आणि मग भाषणं. माणूस जितका मोठा, तितकी भाषणं जास्त. शेवटचं भाषण माझं असतं, कारण माझ्यानंतर बोलायला कुणी धजत नाही. सव्वीस वर्षं मी बोलतो आहे आणि सव्वीस वर्षं माझ्यामागे मशीनवर गोरक्ष बसतो आहे.

तर हा गोरक्ष गटावर कुणीही काहीही लिहिलं, की खाली लिहितो, "आवाज येतोय." लोकशाहीवर चर्चा असो की गंगापूर रोडवरचे खड्डे, "आवाज येतोय." मी मोजलं. तीनशे चाळीस वेळा! याला कचरा नाही म्हणायचं तर कशाला? काढून टाकलं.

संध्याकाळी त्याचा फोन. "सर, मी गटातून आपोआप बाहेर पडलो वाटतं. रेंज नसंल."

मी हो म्हणालो. सत्य सांगायला हवं होतं. माझ्या निर्भीडपणाला हे शोभत नाही.

६ जानेवारी, सोमवार

खालच्या मजल्यावरचा यशोधन कॉम्प्युटरवाला आहे. चाळिशीचा, हुशार, थोडा हसरा. त्याने गटासाठी एक यंत्रणा करून दिली. आलेला प्रत्येक संदेश ती जुन्या मजकुराशी ताडून बघते आणि तो पूर्वी येऊन गेला असेल तर अडवून धरते. मी तिचं नाव ठेवलं 'गाळणी'.

यशोधन म्हणाला, "काका, हिला आधी थोडा मजकूर खायला घालावा लागेल."

मी म्हणालो, "अस्सल म्हणजे काय, हे तिला कळलं पाहिजे." आणि माझी टाइप करून ठेवलेली श्रद्धांजलीची सगळी भाषणं दिली.

"किती आहेत?"

"हाताशी तेवीस आहेत."

त्याने फायली उघडल्या. पहिली वाचली, दुसरी वाचली, तिसरी नुसती वरून पाहिली आणि म्हणाला, "काका, नक्की सगळी घालू?"

"सगळी!" मी ठणकावलं. नव्या पिढीला आत्मविश्वास कमी.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

गाळणीने आज दोनशे चौसष्ट संदेश अडवले. 'तिळगूळ घ्या, गोड गोड बोला.' दोनशे चौसष्ट वेळा! वर्षानुवर्षं तेच वाक्य, आणि बोलतात मात्र सगळे कडू. एकच संदेश पार झाला, सातपूरच्या एका डॉक्टरांचा. तिळाने पित्त वाढतं, जपून खा, असा. मौलिक. मी त्यांचं जाहीर अभिनंदन केलं.

अडवलेल्यांत साधनाचाही संदेश होता. माझ्यावर पक्षपाताचा आरोप नको, म्हणून सोडला नाही. दुपारी तिने हातावर तिळगूळ ठेवला आणि काहीच बोलली नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "नवीन काही सुचलं की बोलते."

१९ जानेवारी, रविवार

आज कुंदनशेठचा दहावा झाला. रामकुंडावर गर्दी होती. माझं भाषण नेहमीप्रमाणे गाजलं. दुपारी ते गटावर टाकलं.

गाळणीने अडवलं.

खाली लिहून आलं: हा मजकूर पूर्वी तेवीस वेळा आला आहे. फरक: नाव, गाव, तारीख. एका ठिकाणी 'दानशूर'ऐवजी 'मनमिळाऊ'.

मला आधी वाटलं, कुणीतरी माझी भाषणं चोरून वापरत आहे. मी संतापून यशोधनला वर बोलावलं. "तेवीस चोर आहेत. नावं काढ!"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "काका, ते तेवीस तुम्हीच आहात."

२० जानेवारी, सोमवार

झोप नाही. सकाळी सगळी तेवीस भाषणं काढून बसलो. प्रत्येकात ते वाक्य आहे. "माणूस जातो म्हणजे काय होतं? एक पुस्तक कायमचं मिटतं, आणि जगातल्या कुठल्याही ग्रंथालयात त्या पुस्तकाची दुसरी प्रत नसते!" यावर मी थांबतो. पाच सेकंद. बायका पदर डोळ्याला लावतात.

दुसरी प्रत नसते, हे मी तेवीस प्रतींत लिहिलं आहे. हाताशी नसलेली भाषणं वेगळीच.

साधनाला म्हणालो, "तू इतकी वर्षं ऐकतेस. कधी बोलली नाहीस?"

"अहो, पोळ्या लाटताना म्हणते की मी. सोबत होते."

प्रतिज्ञा केली: यापुढे एकही वाक्य दुसऱ्यांदा उच्चारणार नाही. प्रत्येक माणसाला त्याचं स्वतःचं भाषण. मेलेल्याशी तरी प्रामाणिक राहू!

३० जानेवारी, गुरुवार

गोरक्षचे वडील झिपरूबाबा काल गेले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. दहावा शुक्रवारी, सात तारखेला. गोरक्षचा आवाज बसलेला होता.

"सर, शेवटचं भाषण तुमचंच."

"येणारच," मी म्हणालो. "आणि गोरक्ष, असं भाषण करीन, की असं या जिल्ह्यात कुणाचं झालं नसेल."

"तसं नको सर," तो म्हणाला. मग रडू आल्यासारखं झालं असावं. फोन ठेवला.

प्रतिज्ञेची पहिली परीक्षा.

३ फेब्रुवारी, सोमवार

एसटीने पिंपळगावला जाऊन आलो. माहिती गोळा करायला वही घेऊन गेलो होतो. भाषणाआधी माहिती गोळा करण्याची माझी ही पहिलीच वेळ, हे वहीचं कोरं पान उघडल्यावर लक्षात आलं.

गोरक्ष सामान आणायला गेला होता. त्याची बायको मालनबाई भेटली. बारा वर्षं सासऱ्याचं सगळं तिने केलं. म्हणालो, "बाबांचं असं काही सांगा, जे दुसऱ्या कुणाचं नसेल."

"खरं सांगू, का भाषणातलं?"

"खरं."

ती पदर खोचून बसलीच. "आबा रोज म्हनायचे, मीठ कमी हे. किती बी टाका, मीठ कमी हे. एक दिस मी ताटात नुसतं मीठ वाढलं. तर म्हने, आज जरा बरं झालंय." मी लिहून घेतलं. "देवळात परसाद दोनदा घ्यायचे. एकदा टोपी घालून, एकदा टोपी काढून. अन् धाकला भाऊ मंगळू, त्यांच्याशी एकतीस वरसं बोलले नाय. मंगळूबाबांच्या पोरीच्या लग्नात कायतरी बोलाचाली झाली, तर आबांनी ऐन मंगलाष्टकाला भोंगा काढला अन् डोक्यावर घेऊन घरी आले. नवरा-नवरी उभे, भटजी उभे, अन् आवाज बंद."

"आणि काही चांगलं?"

तिने बराच विचार केला. "पूर्वी भोंगा डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायचे ना. मशीन लावलं की लोक हॅलो हॅलो करत्यात. आबा तसं नाय करायचे. 'झिपरू बोलतोय, झिपरू बोलतोय.' येवढंच. मंग पुढारी यायचे, महाराज यायचे, अन् आबा मंडपाच्या मागं जाऊन बसायचे. सगळ्या जन्मात तेवढंच बोलले माईकवर."

तेवढ्यात गोरक्ष आला. वहीकडे बघून म्हणाला, "हे कशाला?"

मी माझी भूमिका मांडली. प्रत्येक माणूस एकमेव असतो, त्याला त्याचं सत्य मिळालं पाहिजे, वगैरे. चांगली मांडली.

तो म्हणाला, "सर, मला नवीन नको. ते पुस्तकाचं पायजे."

"ते भाषण सगळ्यांना वापरून झालंय, गोरक्ष."

"म्हनून तर पायजे! चेअरमनला झालं. आमदाराच्या आईला झालं. ज्याच्या मयताला खांदा द्यायला मानूस मिळंना, त्या आडत्याला बी झालं. तुम्ही म्हनलं, दुसरी प्रत नाय, अन् लोक रडले. मी मागं मशीनवर बसून तवाच ठरवलं होतं. आबाचं होईल तवा ह्येच. गावात काय म्हनत्यात माहितीये? झिपऱ्याच्या दहाव्याला कोन येतंय? भोंगेवाला तो!"

"म्हणजे तुझ्या वडिलांना मी उष्टं वाढू?"

"सर, पंगतीत सगळ्यांना एकाच बादलीतलं वाढत्यात. त्याला उष्टं नाय म्हनत."

भावनेचा युक्तिवाद. मी ढळलो नाही. शेवटी तो म्हणाला, "बरं. तुमची मर्जी. मशीन मात्र मी सोता सांभाळनार."

"तू तर विधीला बसणार ना?"

"विधी झाला की बसतो मशीनवर. दुसऱ्याच्या हाताचा भरवसा नाय."

बापाच्या दहाव्यालाही कामाची ही निष्ठा! डोळे पाणावले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

भाषण तयार. अकरा मिनिटं. एकही जुनं वाक्य नाही. गाळणीत घालून पाहिलं, शंभर टक्के नवं निघालं. साधनाला ऐकवलं. म्हणाली, "खरं आहे सगळं. माझ्या दहाव्याला माझ्या मिठाचं सांगू नका म्हणजे झालं."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जे झालं ते क्रमाने लिहितो.

नदीकाठी आठ वाजता पोचलो. खुर्च्या दीडशे, माणसं साठ. गोरक्ष मुंडण करून, ओल्या धोतरात. मंगळूबाबा आले होते, पण बाभळीखाली, सगळ्यांकडे पाठ करून बसले होते. कावळा पिंडाला शिवला. महाराजांचं प्रवचन झालं, सरपंचांनी दोन शब्दांऐवजी दोन वाक्यं म्हटली आणि माझं नाव पुकारलं. गोरक्ष उठून मशीनमागे जाऊन बसला. ते गुळगुळीत डोकं मशीनवर वाकलेलं मला दिसत होतं.

मी श्वास भरून घेतला आणि सुरुवात केली. "झिपरूबाबा हा सज्जन माणूस..."

'नव्हता' म्हणेपर्यंत आवाज गेला.

माईक हलवला, टकटक केलं. गोरक्ष वायर बघत असावा. परत सुरू केलं. "बाबांना मीठ..." गेला! मागून लोक ओरडले, "आवाज नाय, आवाज नाय!" माझा आवाज लहान नाही, पण बाजूला हायवे, आणि द्राक्षांच्या गाड्यांची रांग लागलेली. तिसऱ्यांदा मंगलाष्टकाच्या प्रसंगाला हात घातला. 'भोंगा' शब्दावर असा काही कर्कश शिट्टीचा आवाज निघाला, की महाराजांनी कान झाकले.

सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. साठ माणसं माझ्याकडे बघत होती आणि अकरा मिनिटांचं भाषण माझ्या खिशात होतं. खरं लिहितो, मी घाबरलो. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जे सवयीचं ते निघतं. माझ्या तोंडून निघालं, "माणूस जातो म्हणजे काय होतं?"

आणि आवाज आला! घंटेसारखा स्वच्छ!

आता थांबणं शक्य नव्हतं. नदीची उपमा झाली, दिव्याची झाली, वाटेची झाली. सगळं जुनं एकामागून एक बाहेर येत होतं आणि वायर एकदाही हलली नाही. पहिल्या रांगेत एक म्हातारी ओठ हलवत होती. मी नीट बघितलं. ती माझ्या अर्धं वाक्य पुढे होती. मधेच मला प्रतिज्ञा आठवली, लाज वाटली, आणि वाटलं की एक तरी गोष्ट या माणसाची, फक्त याचीच, सांगितल्याशिवाय उतरायचं नाही. म्हणालो, "या जिल्ह्यात मोठमोठे लोक ज्या माईकवर बोलले, त्या माईकवर त्यांच्याआधी एक माणूस बोलत असे. तो म्हणायचा, झिपरू बोलतोय."

मला वाटलं, आता पुन्हा जाणार. झालं उलटंच. आवाज इतका वाढला, की बाभळीवरचे सगळे कावळे उडाले. ते आधीच शिवले होते, म्हणून बरं. 'झिपरू बोलतोय' हे शब्द नदीपलीकडे आदळून परत आले. हायवेवर एका टेम्पोवाल्याने गाडी थांबवून मान बाहेर काढली.

बाभळीखाली मंगळूबाबा वळून बसले होते.

मग मी ते वाक्य घेतलं. "आणि जगातल्या कुठल्याही ग्रंथालयात त्या पुस्तकाची..." आणि थांबलो. पाच सेकंद मोजायची गरज पडली नाही. साठ जण एका आवाजात म्हणाले, "दुसरी प्रत नसते!"

मशीनमागचं डोकं हलत होतं. गोरक्ष रडत होता.

निघताना त्याला म्हणालो, "वायर बदल रे."

"व्हय सर. सुरुवातीला धरली नाय. नंतर बरोबर बसली."

८ फेब्रुवारी, शनिवार

कुणीतरी केलेलं कालचं रेकॉर्डिंग यशोधनने लिहून काढलं आणि गाळणीत घातलं. ब्याण्णव टक्के जुनं.

"काका, नियमाप्रमाणे तुम्हाला गटातून काढावं लागेल," तो म्हणाला. हसू दाबत होता, हे मला दिसलं.

मी दिवसभर विचार केला. साठ माणसांना पुढचं वाक्य पाठ होतं आणि तरी ती त्याची वाट बघत होती. याला कचरा म्हणणारा माणूस नव्हे, गाळणीच! संध्याकाळी गटावर निकाल दिला: "हा मजकूर पूर्वी तेवीस वेळा आला, हे यंत्राने अचूक सांगितले. मात्र झिपरूबाबांसाठी तो एकदाही आला नव्हता, हे कळण्याची सोय यंत्रात नाही. काय बोलले गेले एवढेच पाहून चालत नाही. कुणासाठी बोलले गेले, हेही पाहावे लागते. गाळणी आजपासून बंद."

हा विचार संपूर्ण माझा आहे. साधना म्हणाली, "पंगतीच्या बादलीचं ते गोरक्ष म्हणाला होता ना?" ते वेगळं.

गोरक्षला फोन केला. खरं सांगितलं, की रेंजचा दोष नव्हता, मीच काढलं होतं. आता परत घेतो, म्हणालो.

"राहू द्या सर," तो म्हणाला. "तिथं लय बोलत्यात. फोन तापतो."

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दहाला बेल वाजली. दारात मंगळूबाबा. पिंपळगावहून एसटीने एकटेच आले होते, ब्याऐंशीव्या वर्षी. पाणी घेतलं, चहा घेतला, साधनाकडे बघून म्हणाले, "बाई, चहात साखर कमी हे." मग माझ्याकडे वळले.

"मास्तर, तुमचं ते पुस्तकाचं लय चांगलं हे. माझ्या टायमाला तेच ठेवा. पन मधी माझं कायतरी घाला. झिपऱ्याचं घातलं तसं."

"बाबा, तुम्ही ठणठणीत आहात."

"तवर सांगून ठेवतो. नंतर कोन सांगनार? घरच्यांना इचारलं, तर नको ते सांगतील. अन् गोरक्षाला बी मी बजावून ठेवलंय, माझ्या टायमाला बटनाला हात लावायचा नाय."

कुठल्या बटणाला, ते मला कळलं नाही. साधना एकदम आत निघून गेली. तिला हसू आलं होतं की ठसका, ते समजलं नाही.

"बरं," मी वही घेतली. "सांगा, तुमचं वेगळं काय?"

"वेगळं?" ते विचारात पडले. "तसं कायच नाय." आणि दोन तास बोलले.

मी मधे एकदाही बोललो नाही. साधना बाहेर येऊन भिंतीला टेकून बसली. नंतर म्हणाली, ती मंगळूबाबांचं निम्मंच ऐकत होती, उरलेला वेळ मला गप्प बसलेलं बघत होती. एकतीस वर्षांपूर्वी त्या लग्नात भावाला ते नेमकं काय बोलले, तेही त्यांनी सांगितलं. ते सांगताना टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि सांगून झाल्यावर परत घालायची विसरले.

दीडच्या गाडीला त्यांना सोडायला स्टँडवर गेलो. त्यांनी जे सांगितलं ते इथे लिहीत नाही. ते त्यांच्या दहाव्यालाच, आणि पहिल्यांदाच, बोलायचं आहे. गाडीत चढताना ते मात्र दोनदा म्हणाले, की घाई नाही.